उलटा टांगलेला फोटो

आमच्या ड्रॉइंगमास्तरांची आठवण झाली की मला आधी हसू येतं, आणि हसून झालं की छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा एक लांब श्वास बाहेर पडतो. त्या श्वासाचं कारण पुढे येईलच. हसण्याची कारणं मात्र इतकी आहेत की कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही.

म्हशींपासून करतो. संस्थानी अमलाचे दिवस होते आणि भोरच्या शाळेत मी नुकताच गणित शिकवायला लागलो होतो. एके दिवशी इन्स्पेक्टर तपासणीला आले. हेडमास्तर त्यांना अदबीने एकेक वर्ग दाखवत ड्रॉइंगच्या वर्गापाशी घेऊन आले आणि दारातच दोघांचे पाय थबकले. मीही मागे होतो. सगळा वर्ग जमिनीवर आडवातिडवा लोळत होता. कुणी डोळे मिटून रवंथ करत होतं, कुणी कानावरची माशी हाकलावी तशी मान झटकत होतं.

"हे काय चाललंय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"म्हशी," मास्तर म्हणाले. ते स्वतः दोन बाकांच्या मधल्या जागेत उताणे पडले होते.

"आणि तुम्ही?"

"मी डबकं."

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. इन्स्पेक्टर जाताना त्या दिवशी मुलांनी काढलेल्या म्हशींची चित्रं मागून घेऊन गेले. शेरा काय मारला ते हेडमास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मास्तरांची नोकरी राहिली, तेव्हा तो फार वाईट नसावा.

"आधी हो, मग काढ," हे मास्तरांचं पालुपद होतं. घागर काढायची तर आधी घागर व्हायचं, आणि ती भरलेली की रिकामी ते ठरवून व्हायचं. बैल काढायचा तर मानेवर जू आलं पाहिजे. डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. डोळे म्हणे ऐकीव गोष्टी पाहतात. अंगाला मात्र खरं तेवढंच जमतं.

आमच्यापैकी कुणालाही ते नावाने हाक मारत नसत. मी "अहो गणित", संस्कृतचे शास्त्री "अहो संस्कृत", आणि हेडमास्तरांना काहीच विषय नव्हता म्हणून ते "अहो घंटा". शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या असताना हे गृहस्थ खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसायचे. एक हात पाठीमागे, एक डोळा मिटलेला. समोरचा बोलू लागला की डावा डोळा मिटायचा, बोलणं पटलं की उघडायचा. हेडमास्तर बोलत असताना तो उघडलेला मी फारसा पाहिला नाही.

बाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. पुढे चालणाऱ्या माणसाची चाल त्यांच्या अंगात कधी शिरेल याचा नेम नसायचा. एकदा गावातल्या एका बड्या वकिलांच्या मागे ते हुबेहूब त्यांच्यासारखे लंगडत निघाले. लोक हसू लागले. वकिलांनी वळून पाहिलं आणि काठी उगारली. मास्तर शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही तेल उजव्या गुडघ्याला चोळताय, पण दुखतंय ते डाव्या कमरेत. मला आत्ता तिथेच कळ आली." वकील काठी तशीच वर धरून उभे राहिले. पुढे मास्तर त्यांच्याकडे दर दिवाळीला फराळाला जात, तेव्हा कमरेचं खरंच निघालं असणार.

शाळेत येण्याआधी मास्तर एका नाटक कंपनीत पडदे रंगवायचे. कंपनीबरोबर ते पार काठेवाडापर्यंत हिंडून आले होते. ती नोकरी का सोडली म्हणून मी एकदा विचारलं.

"रंगावरून भांडण झालं," ते म्हणाले. "मालकाला सगळं गुलाबी पाहिजे होतं."

यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि नाटकवाल्यांची भांडणं अशीच असतात असं समजून मीही सोडून दिलं.

फोटोचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "फोटो म्हणजे पापणी," ते म्हणत. "एकदा लवली, संपलं. तेवढ्यात काय कळणार?" शाळेचा दरवर्षीचा ग्रूप फोटो निघायचा तेव्हा फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून वाकला की इकडे मास्तरही नकळत वाकायचे. त्यामुळे प्रत्येक फोटोत आम्ही सगळे नीटनेटके आणि मास्तरांच्या जागी एक करडा फराटा. हेडमास्तर दरसाल चिडायचे आणि दरसाल तेच व्हायचं.

अशा माणसाकडे मी एक फोटो घेऊन गेलो, आणि तोही हललेला.

झालं होतं असं. माझे मामा वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावचे पाटील. भाटघरच्या धरणाचा फुगवटा जिथे संपतो, त्या टोकाला त्यांचं गाव. धिप्पाड अंग, भरघोस मिशा, डोक्याला चोवीस तास पागोटं आणि बोलणं जेमतेम. हाड बसवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणाचा हात मोडो की वासराचा पाय, पार विंझर-आंबवड्यापासून लोक त्यांच्याकडे यायचे. बांबूच्या कांबी आणि जुनं धोतर, एवढ्यावर मामा माणसं उभी करायचे.

होळीच्या सुमारास त्यांची बायको, म्हणजे माझी मामी, भोरच्या बाजाराला आली ती बाजार न करता सरळ माझ्या खोलीवर आली. पदराच्या गाठीतून तिने एक फोटो काढला आणि रडायलाच लागली.

माघात पुण्याचे एक हौशी गृहस्थ राजगड उतरून मामांच्या गावावरून भोरकडे गेले होते. वाटेत त्यांनी आपल्या डबा कॅमेऱ्याने मामांचा फोटो घेतला आणि आठवण म्हणून पोस्टाने पाठवून दिला. भला माणूस. पण पोस्टमन गावाचं टपाल देवळाच्या पारावर वाटायचा, त्यामुळे मामांच्या आधी तो फोटो अख्ख्या गावाने पाहिला. फोटोत मामा रानातल्या गोठ्यापुढे उभे होते. कॅमेरा हललेला, वर धूळ. मामा ओळखू येत होते ते मिशांवरून. आणि त्यांच्या काखेत एक भलंमोठं करडं पाखरू होतं, पुढे मान काढलेलं आणि मागे शेपूट लोंबणारं.

देवीच्या राईतली लांडोर त्याच माघात नाहीशी झाली होती. देवळाच्या गुरवाने ती अंड्यातून वाढवलेली. त्याच्या हातावरचे दाणे खायची, आरतीला सभामंडपात येऊन बसायची. गावाने फोटो पाहिला, गुरवाकडे पाहिलं, आणि झालं. पाटलाने देवीची लांडोर मारून खाल्ली.

"तसं न्हाई रं बाबा," मामी म्हणाली. "येगळंच पाखरू व्हतं त्ये. फुगवट्याच्या चिखलात गळाटून पडल्यालं ह्यास्नी घावलं. दोन रोज गोठ्यात ठिवलं आन् सोडून दिलं. पर कंचं पाखरू म्हनून पंचांनी इचारलं, तर ह्ये म्हनत्यात, मला ठावं न्हाई. आन् त्याच्याफुडं तोंडच उघडंनात."

"पण मामांनी फोटो पाहून तरी काही सांगितलं असेल?"

"हातात घ्यायलाच तयार न्हाईत. म्हनत्यात, म्या काय केलं त्ये मला ठावं हाय, कागदाला काय इचारायचं?"

चैत्री पुनवेला देवीची यात्रा. पालखीच्या पुढच्या दांडीला पहिला खांदा पाटलांच्या घराचा, कितीतरी पिढ्यांचा. पंचांनी निरोप दिला होता की पाखरू कोणतं ते पटवून द्या, नाहीतर यंदा पालखीला हात लावू नका. मामांनी त्यावर एवढंच म्हटलं होतं की मग ह्या गावात तरी कशाला राहायचं. ते नुसतं बोलणारे नव्हते. आंबवड्याच्या आपल्या मेव्हण्याकडे त्यांनी जमिनीची चौकशीही केली होती, असं मामीने सांगितलं आणि पुन्हा डोळ्याला पदर लावला.

मला दुसरं कुणी सुचलं नाही. मी फोटो घेऊन मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी तो हातात घेतला, नाकाला लावला, लांब धरला आणि म्हणाले, "लांडोर."

मी फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

"म्हणजे लांडोर म्हणून पाहिलं की लांडोर दिसते," ते पुढे म्हणाले. "बगळा म्हणून पाहिलं तर बगळा. फोटो पाहून नाव सांगणारा थापा मारतो, अहो गणित. आणि मला थापा मारता येत नाहीत, नाहीतर हेडमास्तर झालो असतो."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर तो फोटो ड्रॉइंगच्या वर्गात फळ्याशेजारी सुतळीने टांगलेला, आणि तोही उलटा. मामांचे पाय आढ्याकडे आणि मिशा जमिनीकडे. मला राग आला. माझ्या मामांची अब्रू टांगणीला लागलेली आणि इथे ही थट्टा! मी तसं बोललोही. मास्तरांनी डावा डोळा मिटून घेतला.

"सुलटा ठेवला की मला लांडोरच दिसते," ते म्हणाले. "गावाने एकदा सांगितलं ना. उलटा ठेवला की निदान मामा तरी दिसतात. बघा, त्यांचा उजवा हात बघा. मूठ कशी आवळली आहे. पाखराची मान अशी कुणी धरतं का? जीव जाईल त्याचा."

"मारायचंच असेल तर धरतात," शास्त्री खिडकीतून म्हणाले. ते आमचं बोलणं ऐकत होते.

"अहो संस्कृत, मारणाऱ्याचा खांदा असा नसतो." मास्तर लगेच मामा झाले. काखेत नसलेलं पाखरू, पाठीला अलगद बाक. "हे बघा, झोपलेलं पोर उचलल्यासारखा खांदा आहे हा. आणि आणखी एक. शेपटीच्या टोकाला हा पांढरा ठिपका बघा. गाठ मारल्यासारखा आहे. लांडोरीच्या शेपटीला गाठ कुणी मारली?"

त्या गाठीने त्यांचा पिच्छा पुरवला. मधल्या सुट्टीत ते येईल त्याला विचारायचे. एकाने दोष कॅमेऱ्याच्या काचेचा म्हणून सांगितलं, एकाने फोटो धुताना डाग पडला म्हणून. मास्तरांचा डोळा काही उघडला नाही. शेवटी पाडवा झाल्यावर ते म्हणाले, "कागद संपला. आता ज्याने पाखरू उचललं त्याला भेटलं पाहिजे."

आम्ही सकाळीच निघालो. भाटघरपासून पुढे फुगवट्याच्या कडेकडेने वाट होती. पाणी ओसरत चाललं होतं आणि काठाला ओल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. मी वाटभर जिवाला घोर लावून चाललो होतो. मास्तर मात्र दर थोड्या वेळाने थांबून कुणी ना कुणी होत होते: टिटवी, गाढव, डोक्यावर भारा घेतलेली बाई. दुपारी एका करंजाखाली आम्ही भाकरी सोडली. बोलता बोलता फोटोचाच विषय निघाला, आणि मी म्हणालो की काही झालं तरी गेलेल्या माणसाचा एखादा फोटो जवळ असावा.

"माझ्या आईचा नाही," मास्तर म्हणाले.

मग ते जमिनीवर उकिडवे बसले. डाव्या हाताने नसलेला पदर मागे सारला, मान तिरकी केली आणि नसलेल्या चुलीत फुंकर घातली. धूर डोळ्यांत गेला तसे डोळे बारीक केले. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, ओठांवर पिकल्या मिशा. पण तेवढ्या क्षणापुरती मी एक बाई पाहिली, थकलेली आणि मनात कुणाशी तरी बोलणारी. मास्तर उठले, धोतर झटकलं आणि भाकरी खाऊ लागले.

मामांच्या गावात पोचलो तेव्हा आमच्या येण्याची वर्दी आधीच लागली होती. देवळापुढच्या पटांगणात पंच बसले होते. बाजूला गुरव, वाळलेला, पोर गेल्यासारखा चेहरा झालेला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याला पाहून येईना. मामा आले ते पटांगणाच्या कडेलाच उभे राहिले. देवळाकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही.

मास्तरांनी फोटो खिशातून काढलाच नाही. ते गुरवाकडे गेले. "तुमची लांडोर कशी होती?"

"कशी म्हंजी? लांडोरीवानी."

"तशी नाही. तुमची. जरा होऊन दाखवा."

गुरवाला आधी कळेना. मग कळलं तसा तो लाजला. पण त्या पाखराबद्दल गेल्या दोन महिन्यांत त्याला कुणी प्रेमाने विचारलंच नव्हतं. तो उठला. मान ताठ झाली, एकेक पाऊल तोलून पडायला लागलं, मध्येच थबकून त्याने मान वाकडी करून पारावरच्या म्हातारीकडे पाहिलं, आणि टच्चदिशी वाकून एक दाणा टिपला. पोरं ओरडली, "आली! आली!" बायकांनी तोंडाला पदर लावले. गावाने लांडोर ओळखली होती. गुरवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी तो चालत होता.

"आता पाटील," मास्तर म्हणाले.

"म्या?" मामांच्या कपाळाची शीर उडाली. "म्या काय तमासगीर हाय का? भाच्या, ह्यास्नी घिऊन जा हितनं."

मी मधे पडणार तोच मास्तर म्हणाले, "राहू द्या. मी होतो. चुकलं तर तेवढं सांगा." आणि ते पाखरू झाले. एक पाय वर, मान उंच, झटक्यात खाली वाकून मासा पकडल्यासारखी चोच मारली. अगदी बगळा. दोनदा केलं, तीनदा केलं. मामा तिकडे पाहत नव्हते, पण पाहत होते. चौथ्यांदा मास्तरांनी चोच मारली तेव्हा त्यांना राहवेना.

"तसं न्हाई," ते गुरगुरले.

"मग?"

"टोचायचं न्हाई त्ये. मान लई लांब, सापावानी. आन् खाली न्यायचं त्ये..." त्यांनी हाताने काहीतरी दाखवलं. मास्तरांनी मुद्दाम चूक केली की खरंच जमलं नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. "आवो, तसं न्हाई म्हन्तोय न्हवं!"

आणि मामांनी पागोटं उतरवलं. अख्ख्या गावाने आपल्या पाटलाचं बोडकं डोकं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. पागोटं मामीच्या हातात देऊन, धोतर खोचून ते गुरं पाणी प्यायच्या दगडी डोणीत उतरले. पाण्यात उभे राहून त्यांनी पाय आपटायला सुरुवात केली, जागच्या जागी, भराभर, चिखल तुडवावा तसे. मग कमरेत वाकले, मान खाली सोडली आणि डोकं पार उलटं केलं, टाळू पाण्याकडे आणि हनुवटी आभाळाकडे. तसंच उलटं डोकं पाण्याच्या वरवर या बाजूने त्या बाजूला, त्या बाजूने या बाजूला ते फिरवू लागले. मिशांचं टोक पाण्यात भिजत होतं.

पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही. मग सगळं पटांगण हसत सुटलं. म्हातारी पारावरून पडायची राहिली. पंचही हसले. मी हसत नव्हतो. माझं लक्ष मास्तरांकडे होतं. त्यांचे दोन्ही डोळे सताड उघडे होते.

"ओळखलंत का हे पाखरू?" त्यांनी गावाला विचारलं.

"न्हाई," एक पंच डोळे पुसत म्हणाला. "असं उलट्या डोक्यानं खानारं पाखरू जल्मात बगितलं न्हाई."

सगळ्यांनी गुरवाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "ही माजी न्हवं," तो हळूच म्हणाला. "तिला असं जमायचं न्हाई. आन् पाटलाला असं काय मनानं सुचायचं न्हाई."

मामा वर आले, पण चेहरा अजून उतरलेलाच. "उलटं खायला त्येला हौस न्हवती," ते म्हणाले. "चोच मोडल्याली व्हती त्येची. मदीच अशी खाली वाकल्याली. म्या कांबी लावल्या, वर फडकं बांदलं. न्हाई बसली. फडक्यापायी त्येला खाताबी येईना, म्हून सोडलं. मग फुगवट्याला नेलं, तर बिचारं उलटं डोकं करून खायाला लागलं. सुलटं जमंनाच त्येला. उडून गेलं तसंच." त्यांनी मिशांचं पाणी निपटलं. "माजा हात पयल्यांदा हारला. कुनाला काय सांगायचं व्हतं?"

तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की हा माणूस दोन महिने गप्प का होता. मास्तरांनी फोटो बाहेर काढला आणि तो उलटाच धरला. "गाठ!" ते ओरडले. "ही गाठ म्हणजे ते फडकं! अहो, तुम्ही शेपूट म्हणताय ती मान आहे. खाली लोंबलेली. आणि मान म्हणताय ते पाय आहेत, पाटलांनी मुठीत धरलेले. अख्खं पाखरू उलटं पाहताय तुम्ही!" फोटो हातोहात फिरला. ज्याने त्याने तो उलटा, सुलटा, आडवा धरून पाहिला, आणि एकदा मान दिसल्यावर कुणालाच पुन्हा लांडोर दिसेना.

"रोहित म्हणतात त्याला," मास्तर म्हणाले. "काठेवाडात सुरखाब म्हणतात. तिकडे मिठागरांत थव्यांनी उतरतात. मी पाहिलेत, अगदी असेच खाताना."

"त्ये गुलाबी असत्यात म्हनं," फौजेतून परतलेला एक पंच शंकेने म्हणाला. "पाटलाचं तर करडं."

"मोठे गुलाबी. तरणी पिल्लं करडी असतात, धुळीसारखी. नाटकाच्या पडद्यावर मी थव्यात ती करडी पिल्लं काढली, तर मालक म्हणाला, ही बदकं कशाला घुसवलीस, कर सगळं गुलाबी. मी केलं नाही. नोकरी सोडली." मग ते मामांकडे वळले. "आणि पाटील, त्याची चोच मोडलेली नव्हती. ती तशीच असते, मधेच वाकलेली. सगळ्यांची. खातातही सगळे उलट्याच डोक्याने."

मामांनी वर पाहिलं.

"म्हंजी... मोडली न्हवती?"

"नाही."

"मग त्ये उपाशी मेलं नसंल?"

"कशाला मरेल? चिखलात पोटभर खाऊन गेलं ते. तुमच्यामुळे दोन दिवस उपास घडला तेवढाच."

मामा डोणीच्या काठावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पालखी, पंच, गाव सोडणं, यांतल्या कशासाठीही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. गुरव त्यांच्याजवळ जाऊन बसला. त्याने मामीच्या हातातलं पागोटं घेऊन मामांच्या डोक्यावर ठेवलं, वाकडंच बसलं ते. मी देवळाच्या पायरीवर टेकलो आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत बसलो.

पुनवेला मामांनी पालखीला खांदा दिला. गुरवाची लांडोर कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. रानात बिबटे होते. आणि गावातली पोरं पुढे कितीतरी वर्षं ओढ्यात उतरली की उलटी डोकी करून 'पाटील-पाटील' खेळायची. मामा तिथून जाताना थांबायचे आणि मान नीट वळत नसेल तर शिकवायचे.

मास्तर पुढे भोर सोडून मिरजेला पुतण्याकडे गेले, आणि तिथेच वारल्याची बातमी एका हिवाळ्यात आली. ड्रॉइंगच्याच वर्गात आम्ही शोकसभा ठेवली. मास्तर भोरला असताना मामा दर बाजाराला शिक्षकांच्या खोलीत त्यांना भेटून जायचे; त्या दिवशीही ते बाजाराला आले होते, कळलं तसे तेही येऊन मागे उभे राहिले. हेडमास्तरांनी हार आणवला होता, पण घालायचा कशाला हा प्रश्न पडला. सगळे ग्रूप फोटो काढून पाहिले. प्रत्येकात तोच करडा फराटा. हेडमास्तर हार हातात घेऊन कावरेबावरे झाले. मला रडू फुटलं, कारण एवढा माणूस गेला आणि आता त्याचा चेहराही हळूहळू जाणार असं वाटायला लागलं.

तेवढ्यात मामा पुढे आले. कुणाशी न बोलता खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसले. एक हात पाठीमागे घेतला आणि डावा डोळा मिटला.

ते धिप्पाड अंग, ते पागोटं, त्या मिशा, आणि तरीही खिडकीत मास्तर बसले होते. शास्त्री तर अभावितपणे नमस्काराला उठले.

मामांनी मिटल्या डोळ्याने हेडमास्तरांकडे पाहिलं. "अहो घंटा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मला त्यांनी उभ्या जन्मात 'भाच्या'शिवाय हाक मारली नव्हती.

"अहो गणित, रडताय काय? व्हा की."

मी उठलो. कोट काढून बाकावर ठेवला आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत उताणा पडलो.

"हे काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"डबकं," मी म्हणालो.

खालून छपराची कौलं दिसत होती. वर कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी, आणि माझा श्वास अगदी मोकळा चालला होता.